डिफॉल्ट कोण ठरवतं? तुम्ही, की तुमचा डेव्हलपर?



गेल्या व्हिडिओत आपण स्वतःचं बिलिंग सॉफ्टवेअर करून घ्यावं का, यावर बोललो. त्यात जाता जाता मी एक वाक्य टाकलं होतं, की सॉफ्टवेअरमधले डिफॉल्ट मालकाने ठरवायचे असतात, डेव्हलपरने नाही. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, हे तर टेक्निकल माणसाचं काम. आपण त्यात कशाला पडायचं?" व्हिडिओत वेळ नव्हता, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. दहा मिनिटं काढून वाचा. पुढे दहा दिवसांचा मनस्ताप वाचेल.

आधी घडलेली गोष्ट सांगतो.

कोल्हापूरकडच्या एक ताई आहेत. घरगुती फराळापासून सुरुवात केली, आता चिवडा, चकली, शंकरपाळी होलसेलमध्ये देतात. गिऱ्हाईक बहुतेक आपल्याच राज्यातलं, पण बेळगावचा एक दुकानदारही त्यांच्याकडून नियमित माल घेतो. वह्या-बिलबुकं सांभाळता येईनात म्हणून ताईंनी एका ओळखीच्या मुलाकडून जावामध्ये वेब सॉफ्टवेअर करून घेतलं. मोबाइलवर उघडतं, दुकानातल्या कॉम्प्युटरवर उघडतं, बिलं झटपट निघतात. ताई खूश.

दिवाळीनंतर बेळगावच्या दुकानदाराचा फोन आला. "ताई, तुमच्या काही बिलांवर महाराष्ट्राचा एसजीएसटी लागलाय. मला त्याचं क्रेडिट मिळत नाही. बिलं दुरुस्त होईपर्यंत पेमेंट थांबवतोय."

त्याचं चुकलं नव्हतं. माल कोल्हापूरहून बेळगावला, म्हणजे दुसऱ्या राज्यात गेला, की आयजीएसटी लागतो. सीजीएसटी आणि एसजीएसटी ही जोडी राज्यातल्या राज्यात. कर्नाटकातल्या दुकानदाराला महाराष्ट्राच्या कराचं क्रेडिट घेता येत नाही. तोपर्यंत ताईंचं रिटर्न भरून झालेलं. कायद्यात यावर मार्ग आहे. बरोबरचा आयजीएसटी भरायचा, त्यावर व्याज लागत नाही, आणि चुकून भरलेला कर परत मागायचा. पण तोवर पैसे दोन्हीकडे अडकतात. एकीकडे सरकारकडे, दुसरीकडे गिऱ्हाइकाकडे. आणि दिवाळीनंतर तेला-बेसनाची उधारी चुकवायची वेळ आलेली असते.

आता गंमत बघा. बेळगावची सगळीच बिलं चुकली नव्हती. काही बरोबर, काही चूक. माल तोच, दुकानदार तोच, बिल करणारी मुलगीही तीच. मग असं का?

चप्पल स्टँडचा बिल्ला

हे समजून घ्यायला "सेशन" म्हणजे काय, ते कळायला हवं. घाबरू नका, सोपं आहे.

देवळाबाहेर आपण चप्पल ठेवतो. स्टँडवाला आपल्याला एक बिल्ला देतो. हजारो माणसं येतात-जातात, तो कुणाचा चेहरा लक्षात ठेवत नाही. बिल्ला दाखवला की त्या नंबरच्या कप्प्यातल्या चपला काढून देतो.

वेबसाइटचंही तसंच. सर्व्हरला माणूस लक्षात राहत नाही. तुम्ही एक पान उघडलं, मग दुसरं उघडलं, तर दोन्ही वेळा तुम्हीच होता हे त्याला आपोआप कळत नाही. म्हणून जावाचा सर्व्हर तुमच्या ब्राउझरला एक बिल्ला देतो. त्या कुकीचं नाव सहसा जे-सेशन-आयडी असतं. आणि त्या नंबरचा एक कप्पा सर्व्हर स्वतःकडे उघडतो. तो कप्पा म्हणजे सेशन. बिल करणाऱ्याचं नाव, शाखा, भाषा, त्याला काय काय करायची परवानगी आहे, असं सगळं त्यात ठेवता येतं.

आता खरा प्रश्न येतो. कप्प्यात एखादी गोष्ट ठेवलीच नसेल तर काय? जावा सांगतो, "नल". म्हणजे काहीच नाही. इथे डेव्हलपरला काहीतरी ठरवावं लागतं. काहीच नसेल तर काय धरायचं? जे धरलं जातं ते डिफॉल्ट.

ताईंच्या सॉफ्टवेअरमध्ये गिऱ्हाइकाचं राज्य "गिऱ्हाईक निवडा" या पानावर कप्प्यात ठेवलं जायचं. बिलाचं पान ते तिथून उचलायचं. त्या क्रमाने गेलं की सगळं ठीक. पण बिल करणाऱ्या मुलीने घाईच्या दिवसांत बिलाचं पानच बुकमार्क करून ठेवलं होतं. थेट ते पान उघडायची, यादीतून पार्टीचं नाव टाकायची आणि बिल काढायची. कप्प्यात राज्य नाही. आणि डेव्हलपरने तिथे लिहून ठेवलेलं, राज्य नसेल तर महाराष्ट्र धर.

बस. एवढंच.

त्या मुलाने लबाडी केली नव्हती. नव्वद टक्के गिऱ्हाईक महाराष्ट्रातलं आहे असं त्याला ताईंनीच सांगितलं होतं. त्याने त्याच्या परीने शहाणपणाच केला. पण तो निर्णय कराचा होता, धंद्याचा होता. तो रात्री अकरा वाजता कोड लिहिताना, कुणालाही न विचारता घेतला गेला.

माझं मत स्पष्ट आहे

डिफॉल्ट हा धंद्याचा निर्णय आहे. त्याची जबाबदारी मालकाची.

मी स्वतः काही वर्षांपूर्वी उलटं सांगायचो. "टेक्निकल बाबी टेक्निकल माणसावर सोडा, तुम्ही विक्री बघा." आज ते वाक्य मी मागे घेतो. कोड कसा लिहायचा हे त्याच्यावर सोडा. काहीच सांगितलं नसेल तर काय धरायचं, हे मात्र सोडू नका.

का? कारण डिफॉल्ट आवाज करत नाही. सॉफ्टवेअर बंद पडलं तर तुम्ही लगेच फोन उचलता. चुकीचं डिफॉल्ट लागलं तर बिल छान छापून येतं, लोगोसकट. आणि जे डिफॉल्ट बहुतेक वेळा बरोबर असतं तेच जास्त घात करतं. कारण तोवर आपण तपासायचं सोडून दिलेलं असतं.

मग करायचं काय? मी सगळ्यांना तीन खोकी करायला सांगतो. एक कागद घ्या आणि तीन रकाने आखा.

पहिलं खोकं: सगळ्या दुकानाचं एकच

तुमच्या धंद्याचं राज्य, जीएसटी नंबर, चलन, तारीख-वेळ, आकडे छापायची पद्धत. हे माणसागणिक बदलत नाही. मग ते प्रत्येकाच्या कप्प्यात कशाला ठेवायचं? जावामध्ये अख्ख्या सॉफ्टवेअरसाठी एकच सामायिक जागा असते. तिथे एकदा लिहा, सगळी पानं तिथूनच वाचतील. बदलायचं झालं तर एकाच ठिकाणी बदलेल.

यात वेळेकडे खास लक्ष द्या. भाड्याचे क्लाउड सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसी या जागतिक वेळेवर लावलेले असतात. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. म्हणजे आपल्याकडे रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळेत सर्व्हरच्या हिशेबाने अजून कालचाच दिवस चालू असतो. तुमचं दुकान दहाला उघडत असेल तर तुम्हाला हे कधी कळणारही नाही. पण दूध संकलन, फुलांचा बाजार, भाजीचं मार्केट यार्ड? तिथे अर्धा धंदा पहाटे साडेपाचच्या आत होतो. वेळ सांगितली नसेल तर त्या सगळ्या बिलांवर आदल्या दिवसाची तारीख पडणार. आणि १ एप्रिलच्या पहाटे तर अख्खं आर्थिक वर्षच चुकेल. नव्या वर्षाचं बिल जुन्या वर्षाच्या नंबर मालिकेत जाऊन बसेल. डेव्हलपरला सांगा, धंद्याची तारीख भारतीय वेळेनेच धरायची, सर्व्हर जगात कुठेही असो.

तारखेच्या मांडणीचंही तेच. सर्व्हर अमेरिकन पद्धतीवर असेल तर महिना आधी छापतो. ०४/०३ हे तुम्ही ४ मार्च वाचाल, तो ३ एप्रिल सांगत असेल. आणि जावाची नेहमीची आकडे छापायची पद्धत तीन-तीन आकड्यांचे गट पाडते. १,००,००० असं आपल्या पद्धतीने हवं असेल तर तेही वेगळं सांगून करून घ्यावं लागतं.

दुसरं खोकं: माणसागणिक वेगळं

भाषा, शाखा, हुद्दा, लॉगिननंतर पहिलं कुठलं पान दिसावं. हे खरं सेशनचं काम. इथे डेव्हलपर लोक एक चूक हमखास करतात. प्रत्येक पानावर वेगवेगळं लिहितात, "भाषा नसेल तर मराठी", "भाषा नसेल तर इंग्रजी". तीन मुलांनी तीन वर्षांत काम केलेलं असलं की तीन वेगळी डिफॉल्ट निघतात. मग गिऱ्हाईक म्हणतं, "तुमचं सॉफ्टवेअर मध्येच इंग्रजी होतं."

बरोबर पद्धत अशी. जावामध्ये सेशन लिसनर नावाची सोय आहे. नवा कप्पा उघडला की सर्व्हर आपणहून त्याला हाक मारतो. सुरुवातीची मूल्यं तिथे एकदाच ठेवायची. पण लक्षात घ्या, त्या क्षणी आलेला माणूस कोण आहे हे अजून माहीत नसतं, कारण लॉगिन व्हायचं असतं. म्हणून तिथे फक्त पाहुण्याची मूल्यं ठेवायची: भाषा मराठी, हुद्दा पाहुणा, परवानगी शून्य. लॉगिन झालं की त्या माणसाच्या नोंदीतून त्याची खरी शाखा, खरा हुद्दा वाचून कप्प्यात भरायचा.

आणि गेटवर एक वॉचमन बसवायचा. जावात त्याला फिल्टर म्हणतात. कुठलंही पान उघडायच्या आधी तो कप्पा बघतो. शाखा आहे? हुद्दा आहे? नसेल तर आत सोडत नाही, आधी निवडायला पाठवतो. मग कुणी बुकमार्कवरून येवो, व्हॉट्सॲपवरच्या लिंकवरून येवो, की "मला लक्षात ठेव"वर टिक करून लॉगिनचं पान टाळून येवो. रस्ता कुठलाही असला तरी गेट एकच.

हुद्द्याबद्दल एक नियम पाठ करा. डिफॉल्ट हुद्दा नेहमी सगळ्यात कमी अधिकारांचा. डेव्हलपरला तपासणी करायला सोपं जावं म्हणून नवा युजर थेट "मालक" होतो असं मी पाहिलंय. दिवाळीपुरता ठेवलेला पोऱ्या आणि त्याला दर बदलायचा अधिकार! नव्या माणसाला आपण पहिल्याच दिवशी गल्ल्याची किल्ली देतो का?

तिसरं खोकं: इथे डिफॉल्ट नकोच

हे सगळ्यात महत्त्वाचं खोकं, आणि हेच सगळे विसरतात. जिथे चूक महाग पडते तिथे सॉफ्टवेअरने अंदाज बांधू नये. विचारावं. उत्तर मिळेपर्यंत बिल पुढे जाऊ देऊ नये.

गिऱ्हाइकाचं राज्य या खोक्यात. खरं तर ते सेशनमध्ये असायलाच नको. सेशन हा बिल करणाऱ्या माणसाचा कप्पा आहे, गिऱ्हाइकाचा नव्हे. एकाच ब्राउझरमध्ये दोन टॅब उघडून दोन बिलं चालू केली तर दोन्हींचा कप्पा एकच असतो. दुसऱ्या टॅबमधलं गोव्याचं राज्य पहिल्या टॅबमधल्या सांगलीच्या बिलाला जाऊन चिकटू शकतं. राज्य हे गिऱ्हाइकाच्या नोंदीत आणि त्या-त्या बिलावर असावं. नोंदणीकृत गिऱ्हाईक असेल तर पडताळणीही सोपी आहे. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्य सांगतात. २७ महाराष्ट्र, २९ कर्नाटक, ३० गोवा. बिलावर महाराष्ट्र आणि नंबर २९ ने सुरू होतोय, तर सॉफ्टवेअरने तिथल्या तिथे विचारायला नको का?

दुसरं, रोख की उधार. पुष्कळ ठिकाणी डिफॉल्ट "रोख" असतं. घाईत कुणी बदललं नाही की उधारी खात्यात चढतच नाही. महिनाअखेर गल्ला जुळत नाही, मग घरात भांडणं आणि बिचाऱ्या नोकरावर संशय. एक जादा क्लिक परवडते, संशय परवडत नाही.

तिसरं, सवलत. काहीच टाकलं नाही तर शून्य धरा, मागच्या बिलाची सवलत पुढच्याला लागता कामा नये.

"सर, मग काम हळू नाही का होणार?"

हा प्रश्न रास्त आहे. काउंटरवर रांग लागलेली असताना प्रत्येक बिलाला पाच प्रश्न विचारले तर मुलं वैतागतील, आणि काहीतरी दाबून पुढे जातील. मग विचारण्याचाही उपयोग नाही. म्हणूनच तीन खोकी. पहिल्या दोन खोक्यांत भरपूर डिफॉल्ट ठेवा, खुशाल वेळ वाचवा. तिसऱ्या खोक्यात दोन-तीनच गोष्टी ठेवा. वाचलेला वेळ तिथे खर्च करा.

दुसरी तक्रार डेव्हलपरची असते. "आधी चालू तर करू, मग बघू." त्यालाही त्याची घाई असते, आणि अर्ध्या वेळा आपण पैसेही वेळेवर दिलेले नसतात. पण "मग" कधी येत नाही. धंदा चालू झाला की त्या अंदाजांवर हजारो नोंदी बसतात, आणि मग डिफॉल्ट बदलणं म्हणजे जुनी बिलं एक-एक करून तपासणं. सुरुवातीला हे काम एका दुपारचं आहे.

तिसरे म्हणतात, "आम्ही तर तयार सॉफ्टवेअर घेतलंय, कोड आमच्या हातात नाही." कोड नसेल, सेटिंग तर आहे. घेतल्या दिवशी सेटिंगचं प्रत्येक पान उघडून बघा. तिथे आधीपासून भरलेली प्रत्येक चौकट म्हणजे तुमच्या वतीने दुसऱ्या कुणीतरी घेतलेला निर्णय आहे.

डेव्हलपरला विचारायचे पाच प्रश्न

हे लिहून घ्या. शब्द समजले नाहीत तरी विचारा, उत्तर कसं येतंय त्यावरून बरंच कळतं.

१. सुरुवातीची मूल्यं किती ठिकाणी लिहिली आहेत? उत्तर "एका ठिकाणी" असायला हवं. "जिथे लागेल तिथे" असं आलं तर काम बाकी आहे.

२. युजरची माहिती सेशनमध्येच आहे ना, स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये नाही ना? स्टॅटिक म्हणजे सगळ्यांचा मिळून एकच कप्पा. दोघे जण एका वेळी लॉगिन झाले की एकाची शाखा दुसऱ्याला दिसते. एकट्याने तपासताना हे कधीच सापडत नाही, म्हणून दोन मोबाइलवर दोघांनी एकदम लॉगिन करून तपासा.

३. सेशन किती वेळाने संपतं? टॉमकॅट या नेहमीच्या जावा सर्व्हरवर काही सांगितलं नाही तर ३० मिनिटं काही हालचाल नसली की संपतं. इथे एक जुनाच सापळा आहे. वेब डॉट एक्सएमएल या फाइलमध्ये हा आकडा मिनिटांत लिहायचा असतो, पण कोडमधून लावला तर तोच सेकंदांत. तिथे कुणी ३० लिहिलं तर तुमचा माणूस अर्ध्या मिनिटात बाहेर!

४. सेशन संपून पुन्हा सुरू झालं तर शाखा कुठली धरली जाते? हे नक्की विचारा. दुसऱ्या शाखेत बसलेला माणूस जेवून येतो, सॉफ्टवेअर त्याला आपोआप आत घेतं, पण शाखा डिफॉल्टवर, म्हणजे पहिलीवर गेलेली असते. माल इथून जातो, स्टॉक तिथला कमी होतो. शाखेचं नाव प्रत्येक पानावर वर ठळक दिसलंच पाहिजे.

५. कुठली माहिती नसेल तर सॉफ्टवेअर थांबतं? उत्तर "कुठेच थांबत नाही, एकदम स्मूथ चालतं" असं आलं तर खूश होऊ नका. काळजी करा.

ताईंचं पुढे काय झालं?

ताईंनी त्या मुलाला काढून टाकलं नाही. मला ते आवडलं. दोघे एका दुपारी चहा घेऊन बसले, कागदावर तीन रकाने आखले. ताई सांगत गेल्या, मुलगा लिहित गेला. मध्येच तो म्हणाला, "ताई, हे तुम्ही आधी सांगितलं असतं तर मी तसंच केलं असतं." ताई म्हणाल्या, "अरे, तू विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं."

दोघांचंही खरं आहे. पण पैसे ताईंचे अडकले. म्हणून पहिलं पाऊल मालकानेच टाकायचं.

बेळगावच्या दुकानदाराला नवी बिलं गेली, त्याचं पेमेंट आलं. चुकून भरलेला कर परत मिळायची वाट ताई हे लिहीपर्यंत बघतायत. आणि बिल करणारी मुलगी अजूनही तेच पान बुकमार्कवरूनच उघडते. उघडू दे की! आता ते पान पार्टी निवडल्याशिवाय आणि तिचं राज्य नोंदीत असल्याशिवाय बिलच काढत नाही.

तुमचा गृहपाठ: आज रात्री गल्ला मोजून झाला की तुमचं सॉफ्टवेअर उघडा, नवं बिल सुरू करा, आणि काहीही न भरता फक्त बघा. कुठल्या चौकटी आधीच भरलेल्या आहेत? प्रत्येकीसमोर लिहा, हे कोणी ठरवलं. जिथे "माहीत नाही" लिहावं लागेल, तिथून उद्याची सुरुवात करा.

चला, भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा वाढवा, पण डोळे उघडे ठेवून.